फ्रीराइड स्की स्पर्धा अधिक सुरक्षित आणि सर्व स्तरांना खुल्या कशा करता येतील?

हिमरेषा (धागाकर्त्या)

फ्रीराइड स्कीइंगच्या स्पर्धेत आखलेला मार्ग नसतो, झेंडे रोवलेले नसतात आणि बर्फ यंत्राने दाबून सपाट केलेला नसतो. डोंगराची एक बाजू निवडली जाते. वरची सुरुवातीची जागा आणि खालची शेवटची रेषा एवढेच पक्के असते. मधल्या कड्यांमधून, घळींमधून आणि मोकळ्या बर्फावरून कसे उतरायचे हे प्रत्येक स्पर्धक स्वतः ठरवतो. युरोपातील स्पर्धांमध्ये त्या उतारावर आधी सराव करता येत नाही. खालून किंवा समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीने पाहून वाट लक्षात ठेवावी लागते आणि संधी बहुधा एकच मिळते. निवडलेली वाट, ताबा, ओघ, उड्या व शैली आणि तंत्र या पाच निकषांचा एकत्रित विचार करून परीक्षक गुण देतात.

आम्ही स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात राहतो. माझी मुलगी ज्युनिअर गटात स्पर्धा करते आणि तिच्या क्लबच्या स्पर्धांमध्ये मी स्वयंसेवक म्हणून काम करते. त्यामुळे या खेळाकडे मी पालक म्हणून आणि आयोजनातील एक हात म्हणून अशा दोन्ही बाजूंनी पाहते. इथे बर्फाच्या देशांत राहणारे आणि भारतातून स्कीइंग शिकायला जाणारे असे दोन्ही प्रकारचे सदस्य आहेत, म्हणून हा विषय मांडत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी देते. १९९६ मध्ये इथल्याच व्हर्बिए गावाजवळच्या बेक दे रोस या ३,२२३ मीटर उंचीच्या शिखरावर स्नोबोर्डरांची 'एक्स्ट्रीम' स्पर्धा सुरू झाली. २००४ मध्ये तीत स्कीअर सामील झाले आणि २००८ मध्ये तिच्यातूनच 'फ्रीराइड वर्ल्ड टूर' उभी राहिली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने ही टूर आपल्याकडे घेतली, २०२४ मध्ये फ्रीराइडला स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा फेब्रुवारी २०२६ मध्ये अँडोरातील ओर्दिनो अर्कालिस येथे घ्यायचे ठरवले. म्हणजे एका कड्यावर जमणाऱ्या मूठभर लोकांचा खेळ आता राष्ट्रीय संघ, प्रशिक्षक आणि पालक यांच्या हाती येत आहे. पुढच्या काही हिवाळ्यांत जी मुले यात येतील, त्यांच्यासाठी आज ठरणारे नियम निर्णायक असतील.

सर्वांत वरच्या पातळीवर सुरक्षिततेची व्यवस्था पुष्कळ चांगली आहे, हे प्रथम मान्य करायला हवे. स्पर्धेचा उतार आधीपासून इतरांना बंद ठेवला जातो, पर्वत-मार्गदर्शक तेथील बर्फाच्या थरांवर लक्ष ठेवतात, गरज पडल्यास स्फोटकांनी अस्थिर बर्फ आधीच खाली पाडला जातो, बचावकर्ते उतारावर ठरलेल्या जागी उभे असतात आणि हेलिकॉप्टर तयार असते. ढग उतरून दिसेनासे झाले की स्पर्धा थांबते. हेल्मेट, पाठीचे संरक्षक कवच, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचे रेडिओ-यंत्र), फावडे आणि प्रोब (बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब काठी) यांच्याशिवाय कोणालाही सुरुवातीच्या जागेपर्यंत जाऊ दिले जात नाही.

माझी काळजी खालच्या पातळीची आहे. कागदावर शिडी पूर्ण दिसते: १४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ज्युनिअर स्पर्धा, प्रौढांसाठी एक ते चार ताऱ्यांच्या (स्टार) पात्रता स्पर्धा, त्यांच्यावर चॅलेंजर आणि शेवटी मुख्य टूर. पण यंत्राने सपाट केलेल्या उतारावर उत्तम स्कीइंग करणारा माणूस आणि एका ताऱ्याची स्पर्धा यांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी काहीच नसते. जिथे गुण नाहीत, क्रमवारी नाही, फक्त नैसर्गिक बर्फावर, परीक्षकांच्या नजरेखाली, नियम पाळून उतरून पाहायचे आहे, अशी पहिली पायरीच नाही. मग ज्यांना ही पायरी हवी असते ते दोनपैकी एक करतात: खेळापासून दूर राहतात किंवा आपल्या तयारीपेक्षा वरच्या स्पर्धेत नाव देतात. पहिल्याने खेळ मूठभरांचा राहतो, दुसऱ्याने अपघात होतात. म्हणूनच सुरक्षितता आणि सर्वांना प्रवेश हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट गुणांची. धोका कमी करण्याचे सर्वांत प्रभावी साधन परीक्षकांच्या हातातले पेन्सिल-कागद आहे असे माझे ठाम मत आहे. मुले परीक्षकांना काय आवडते ते फार लवकर ओळखतात. डगमगत उतरलेली पण मोठी उडी आणि पूर्ण ताब्यात घेतलेली छोटी उडी, यांपैकी पहिलीला एकदा जरी जास्त गुण मिळाले, तरी त्या दिवशी खाली उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाने धडा घेतलेला असतो. ज्युनिअर आणि एक-दोन ताऱ्यांच्या स्पर्धांत ताबा आणि ओघ यांचे वजन उघडपणे वाढवावे आणि ते स्पर्धेच्या आदल्या दिवशी सर्वांसमोर समजावून सांगावे, ही माझी पहिली सूचना आहे.

तिसरी गोष्ट माहितीची. ताऱ्यांच्या संख्येवरून उतार किती अवघड आहे हे नवख्याला नीट समजत नाही. प्रत्येक उताराचा सर्वाधिक कोन, कुठे पडल्यास घसरत कड्यापर्यंत जाण्याची शक्यता आहे, उडी न मारता खाली येता येईल अशी सोपी वाट आहे की नाही, आणि असल्यास तिचे छायाचित्र, एवढे नाव नोंदवण्याच्या आधी प्रसिद्ध झाले, तर कितीतरी जण योग्य निर्णय घेतील. जिथे उडीशिवाय वाटच नाही, तो उतार एक किंवा दोन ताऱ्यांच्या स्पर्धेला देऊच नये.

आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

---

कोलोरॅडोकर

अत्यंत महत्त्वाचा धागा. अमेरिकेतील चित्र थोडे वेगळे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इकडे ज्युनिअर स्पर्धा प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय फ्रीस्कीअर्स आणि स्नोबोर्डर्स संघटनेच्या नियमांखाली होतात. वयोगट अधिक खालून सुरू होतात. १२ वर्षांखालील मुलांचाही गट असतो. बहुतेक वेळा स्पर्धा स्की रिसॉर्टच्या हद्दीतील उतारावर होते आणि मुलांना प्रशिक्षकांबरोबर त्या उतारावर प्रत्यक्ष उतरून पाहणी करू दिली जाते. युरोपातील दुर्बिणीच्या पद्धतीची बाजू घेणारे म्हणतात की पाहणीमुळे ताजा बर्फ विस्कटतो आणि डोंगर वाचण्याचे कौशल्य मुलांच्या अंगी येत नाही. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलाला खालून पाहून कड्याची उंची कळत नाही, आणि वर पोहोचल्यावर कड्याची कडा तेवढी दिसते, तिच्या खालचे काही दिसत नाही. चुकीच्या जागेवरून उडी मारली जाते ती बहुधा इथेच. त्यामुळे लहान वयात प्रत्यक्ष पाहणी, मोठ्या वयात निम्मी-निम्मी आणि प्रौढ पात्रता स्पर्धांत दुर्बीण, असा क्रम मला योग्य वाटतो.

हेही लक्षात ठेवायला हवे की रिसॉर्टच्या हद्दीतला उतारही जीवघेणा असू शकतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील कर्कवुड येथील स्पर्धेत कड्यावरून उडी घेतल्यानंतर झालेल्या दुखापतींनी रायन हॉक्स या स्पर्धकाचे निधन झाले. तो नवखा नव्हता. त्यानंतर या खेळाशी जोडलेल्या कुटुंबांमध्ये उड्यांविषयीचे बोलणे बदलले, हे मी इथल्या जुन्या पालकांकडून अनेकदा ऐकले आहे.

गुणांविषयी पूर्ण सहमत. आमच्या क्लबच्या प्रशिक्षकांनी आठवड्याच्या सरावात एक प्रथा पाडली आहे. मूल वर उभे राहून आपली वाट तोंडी सांगते, मग उतरते, आणि खाली आल्यावर सांगितल्याप्रमाणे उतरले की नाही एवढेच पाहिले जाते. उडी किती मोठी होती याची चर्चाच होत नाही. ठरवलेले पार पाडणे ही सवय आधी लागते, धाडस नंतर आपोआप येते.

---

शिखरवाट

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

फ्रीराइडचा अर्थच असा की डोंगरावर माणसाला कोणी वाट दाखवत नाही. सर्वाधिक कोन, सोपी वाट, छायाचित्र, वजन वाढवलेले निकष, हे सगळे जोडत गेलात तर शेवटी झेंडे रोवलेली स्लालम शर्यतच उरेल. महासंघाच्या छत्राखाली गेल्यावर हा खेळ नियमांच्या पुस्तकात अडकेल, ही भीती बेक दे रोसवर उतरणाऱ्या जुन्या मंडळींनाही वाटते. ज्याला जोखीम नको त्याच्यासाठी स्कीइंगचे इतर कितीतरी प्रकार आहेत. शिवाय ताब्याला अवाजवी गुण दिले तर सर्वजण उताराच्या मधल्या, सोप्या भागातून उतरतील आणि वाट निवडण्याची कल्पकताच संपेल. तो खेळ मला पाहावासाही वाटणार नाही आणि खेळावासाही वाटणार नाही.

---

बलरेषा

शिखरवाट यांच्या आक्षेपावर येण्याआधी उडीच्या उंचीविषयी थोडे गणित मांडतो, कारण "अमुक मीटरपेक्षा मोठी उडी नको" अशी सूचना या चर्चेत लवकरच येईल आणि ती दिशाभूल करणारी ठरेल.

हवेचा विरोध बाजूला ठेवला तर ५ मीटरवरून खाली येणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर असतो आणि १० मीटरवरून सुमारे ५० किलोमीटर. मात्र शरीराला धक्का बसतो तो या संपूर्ण वेगाचा नसून, उताराच्या पृष्ठभागाशी काटकोनात असलेल्या भागाचा. त्यामुळे ४५ अंशांच्या उतारावर १० मीटरवरून उतरताना बसणारा धक्का सपाट जमिनीवर ५ मीटरवरून पडल्याइतका असतो. ३० अंशांच्या उतारावर तोच धक्का साडेसात मीटरइतका आणि २० अंशांवर जवळजवळ ९ मीटरइतका होतो. पुढे जाण्याचा वेग आणि बर्फाचा मऊपणा यांनी तो आणखी कमी होतो. म्हणजे सपाटीवर उतरणारी ४ मीटरची उडी तीव्र उतारावर उतरणाऱ्या ७ मीटरच्या उडीपेक्षा वाईट असू शकते. मर्यादा घालायचीच असेल तर ती उतरण्याच्या जागेच्या कोनावर आणि त्यानंतर वेग आवरायला किती मोकळी जागा आहे यावर घालावी.

पण इथेच खरी अडचण आहे. उडी झेलायला चांगला उतार ३५ ते ४५ अंशांचा, आणि हिमस्खलने सर्वाधिक होतात तेही ३० ते ४५ अंशांच्याच उतारांवर. सांध्यांना जे सोयीचे, तेच बर्फाच्या थराला अस्थिर करणारे. यातून मार्ग एकच दिसतो: खालच्या स्तरांच्या स्पर्धा रिसॉर्टच्या हद्दीतील अशा उतारांवर घ्याव्यात, जिथे हिवाळाभर स्की पेट्रोलने (रिसॉर्टच्या गस्ती पथकाने) स्फोटके वापरून बर्फ पाडलेला असतो आणि रोजच्या वर्दळीने खालचे थर दाबले गेलेले असतात. कोलोरॅडोकर यांनी सांगितलेली पद्धत म्हणूनच योग्य आहे. वरच्या स्तरांना उघडा डोंगर राहू द्यावा.

आता शिखरवाट यांचा मुद्दा. उताराविषयी माहिती दिल्याने वाट निवडण्याचे स्वातंत्र्य कमी कसे होते हे मला समजले नाही. दुर्बिणीतून पाहणारा अनुभवी स्पर्धक हीच माहिती स्वतः मिळवत असतो. नवख्याला ती मिळवता येत नाही, एवढाच फरक आहे.

---

हिमरेषा (धागाकर्त्या)

बलरेषा, धन्यवाद. उतरण्याच्या जागेच्या कोनाचा मुद्दा इतक्या नेमकेपणाने मी कधी वाचला नव्हता. आमच्या उताराच्या माहितीपत्रकात तो जोडता येईल.

शिखरवाट, आपल्या भीतीचा मला आदर आहे, कारण याच स्वातंत्र्यासाठी माझी मुलगी झेंड्यांमधून आखलेल्या अल्पाइन शर्यती सोडून इकडे आली. कल्पकतेबाबतचा आपला आक्षेप रास्त आहे आणि त्यावर उत्तर द्यायला हवे. ताब्याचे वजन वाढवताना वाटेच्या निकषाचे वजन कमी करू नये, उड्यांचे करावे. एखाद्या मुलीने कोणी न पाहिलेली घळ शोधून काढली, तिथून एकही मोठी उडी न मारता स्वच्छ उतरली, तर तिला उत्तम गुण मिळायला हवेत. आज तसे होते का? काही परीक्षक देतात, काही देत नाहीत. परीक्षकांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न स्पष्टपणे यायला हवा.

एक गोष्ट मूळ लेखात राहिली, ती खर्चाची आणि तारखांची. मोठ्या स्पर्धांना एकच तारीख नसते. काही दिवसांची खिडकी ठेवली जाते आणि हवामान पाहून त्यातला दिवस निवडला जातो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. २०१८ मध्ये जपानमधील हाकुबा येथील टूरची स्पर्धा हवामानामुळे तिथे होऊ शकली नाही, तेव्हा ती कॅनडातील किकिंग हॉर्स येथे घेण्यात आली. घाई करून खराब बर्फावर उतरवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. पण नोकरी करणारा स्पर्धक किंवा शाळेतले मूल आठवडाभर हॉटेलात थांबू शकत नाही. म्हणून खालच्या स्तरांवर शनिवार-रविवार असा पक्का कार्यक्रम असतो, आणि मग इतक्या लांबून आलेल्या कुटुंबांना रिकाम्या हाती परत कसे पाठवायचे, असा दबाव आयोजकांवर येतो. हा दबाव कोणी बोलून दाखवत नाही, तरी सकाळी सहाच्या बैठकीत तो प्रत्येकाच्या मनात असतो.

याला माझ्या मते एकच उपाय आहे. प्रत्येक छोट्या स्पर्धेने कमी कोनाचा, हद्दीतला दुसरा उतार आधीच तपासून, परीक्षकांच्या आणि बचावकर्त्यांच्या जागा ठरवून तयार ठेवावा. मुख्य उतार बंद करण्याचा निर्णय तेव्हाच मोकळ्या मनाने घेतला जाईल, जेव्हा तो घेतल्यावरही मुलांना त्या दिवशी उतरायला मिळेल.

---

धन्वंतरी_आल्प्स

मी आपत्कालीन वैद्यकात काम करतो आणि हिवाळ्यात काही स्पर्धांना वैद्यकीय पथकाबरोबर असतो. काही मुद्दे मांडतो.

एअरबॅगविषयी (दोर ओढला की फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवणारी पाठपिशवी) पालकांमध्ये अवास्तव विश्वास आढळतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले की हिमस्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांचे मृत्युप्रमाण फुगलेल्या एअरबॅगमुळे २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर येते. हा फायदा मोठा आहे. पण त्याच अभ्यासात सुमारे २० टक्के प्रसंगांत एअरबॅग फुगलीच नव्हती, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वापरणाऱ्याने ती उघडलीच नाही. याशिवाय कॅनडातील हिमस्खलन-मृत्यूंच्या अभ्यासात जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यू आघाताने, म्हणजे झाडांवर, खडकांवर आदळून किंवा कड्यावरून फेकले जाऊन झालेले आढळले. कडे असलेल्या उतारावर एअरबॅग यापासून वाचवू शकत नाही. उपकरण घ्यावे, पण त्याचा दोर ओढण्याचा सराव प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला हातमोजे घालून करावा.

बर्फाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. स्पर्धेच्या उतारावर बचावकर्ते असतात, त्यामुळे तिथे मला तितकी भीती वाटत नाही. स्पर्धेच्या आधीचे आणि नंतरचे तास मला अधिक धोक्याचे वाटतात: स्पर्धा संपली, मुले आनंदात आहेत, ताजा बर्फ पडला आहे आणि गट स्वतःहून हद्दीबाहेर निघतो. एस्तेल बाले या स्विस स्नोबोर्डरने २०१६ मध्ये टूरचे दुसरे विजेतेपद मिळवले आणि काही आठवड्यांतच, १९ एप्रिलला, चित्रीकरणाच्या वेळी हिमस्खलनात तिचा मृत्यू झाला. ती केवळ २१ वर्षांची होती. एवढ्या कौशल्याचाही तिथे उपयोग होत नाही, ही गोष्ट प्रत्येक ज्युनिअर स्पर्धकाला सांगितली गेली पाहिजे. म्हणून नोंदणीसाठी हिमस्खलन-प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि त्यात ट्रान्सीव्हरने वेळ लावून शोध घेण्याची प्रत्यक्ष परीक्षा असावी, नुसते प्रमाणपत्र पुरेसे मानू नये.

आणि डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी पुन्हा उतरायचे नाही. क्रीडावैद्यकात याविषयी मतभेद उरलेला नाही. अडचण अशी की वर उभ्या असलेल्या आयोजकाला स्पर्धक "मी ठीक आहे" असे सांगतो आणि पालकही तेच सांगतात. हा निर्णय पालक, प्रशिक्षक आणि आयोजक या तिघांच्याही हातून काढून वैद्यकीय पथकाकडे द्यावा, आणि नाव नोंदवतानाच त्यावर सही घ्यावी.

---

सह्यवाट

मी पुण्याचा, मूळचा सह्याद्रीत भटकणारा. स्कीइंगचे प्राथमिक प्रशिक्षण गुलमर्गला घेतले आणि तेव्हापासून जमेल त्या हिवाळ्यात तिथे जातो. भारताच्या बाजूने एक विचार मांडतो.

गुलमर्गच्या गंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवाट डोंगरावर साधारण ३,९५० मीटरपर्यंत जातो आणि तिथून खाली जे पसरले आहे ते जवळजवळ सगळे नैसर्गिक, यंत्राने न दाबलेले उतार आहेत. जगभरातले फ्रीराइडर त्यासाठीच येतात. २०२० पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही तिथे होतात आणि त्यांत अल्पाइन, नॉर्डिक, स्नोबोर्ड असे प्रकार असतात. अडचण अशी की शिकाऊ माणूस गावाजवळच्या बेताच्या उतारांवर वळणे शिकतो आणि त्याला दिसणारी पुढची गोष्ट थेट अफरवाट असते. हिमरेषाताईंनी लिहिलेली मधली गहाळ पायरी इथे सर्वांत ठळकपणे जाणवते.

याची किंमतही मोजली गेली आहे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटच्या हपतखुड भागात झालेल्या हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीअरचा मृत्यू झाला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्ग भागात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. ही सगळी अनुभवी, बाहेरून आलेली मंडळी होती. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण ट्रान्सीव्हर म्हणजे काय हेही न जाणता दुसऱ्या टप्प्याचे तिकीट काढतात. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाच्या धोक्याची सूचनापत्रे काढते, पण ती वाचायला शिकवणारे वर्ग पर्यटकांपर्यंत पोहोचत नाहीत.

मला असे वाटते की भारतात फ्रीराइड स्पर्धा भरवायची असेल तर ती वरून सुरू करू नये. गंडोलाच्या पहिल्या टप्प्याच्या पातळीवरील, स्की पेट्रोलने तपासलेल्या उतारावर, फक्त ताबा, वाट आणि ओघ या तीन निकषांवर एक मेळावा व्हावा. उड्यांना गुणच नसावेत. सकाळी शोध-बचावाचा सराव, दुपारी उतरणे. काश्मीरची स्थानिक मुले या बर्फावरच वाढलेली आहेत. त्यांना उपकरणे भाड्याने किंवा मोफत मिळाली, तर हा खेळ पर्यटकांचा न राहता त्यांचा होईल. ट्रान्सीव्हर, फावडे, प्रोब, रुंद स्की आणि एअरबॅग हा संच विकत घेणे तिथल्या सामान्य कुटुंबाला परवडणारे नाही, आणि सक्तीची उपकरणे म्हटली की तीच मुले आधी बाहेर पडतात. सुरक्षिततेचा नियम करताना त्याचा खर्च कोण उचलणार हेही त्याच कागदावर लिहिले गेले पाहिजे.

---

शिखरवाट

सह्यवाट यांचा शेवटचा मुद्दा मनाला पटला. उड्यांना गुण नसलेला मेळावा ही कल्पनाही चांगली वाटते, कारण ती खेळाच्या खाली आहे, खेळाच्या जागी नाही. माझा विरोध वरच्या पातळीला बांधून टाकण्याला होता आणि तो कायम आहे. चॅलेंजर आणि टूर यांच्या उतारांना सोप्या वाटेची अट लावू नये. ज्युनिअर आणि एक-दोन ताऱ्यांपर्यंत ती असावी, हे मान्य.

डॉक्टरांना एक प्रश्न आहे. पडल्यानंतर स्पर्धकाने उठून पुढे उतरावे की थांबावे, याविषयी नियम असावा का? सध्या पडल्यावर गुण खूप कमी होतात आणि स्की निसटली तर गुणच मिळत नाहीत. तरीही पुष्कळ जण अर्धवट सावरून उरलेला उतार वेगात संपवतात.

---

धन्वंतरी_आल्प्स

शिखरवाट, प्रश्न योग्य आहे. माझ्या पाहण्यात दुसरे पडणे हे बहुधा पहिल्यापेक्षा वाईट असते, कारण माणूस चिडलेला, थकलेला आणि आपल्या वाटेपासून ढळलेला असतो. अशा वेळी स्पर्धकाने दोन्ही काठ्या डोक्यावर धरून फुली करावी, आणि ती खूण केली की उरलेला उतार सावकाश, बचावकर्त्याच्या सूचनेने उतरायचा, असे ठरवता येईल. खालच्या स्तरांवर मी आणखी पुढे जाईन. पडल्यानंतर स्वतःहून थांबणाऱ्या मुलाला त्या दिवशीच्या सहभागाचे काही गुण मिळावेत आणि पडूनही उडी घेणाऱ्याला ते मिळू नयेत.

---

कोलोरॅडोकर

थांबणाऱ्याला गुण देण्याची कल्पना मला फार आवडली. सुरुवातीच्या जागेवरून उतरण्यास नकार देणाऱ्यालाही हे लागू व्हावे. वर उभे राहून बर्फ बदललेला दिसल्यावर माघार घेणे हा डोंगरातला सर्वांत अवघड निर्णय असतो, आणि आज त्यासाठी शून्य मिळते. पुढच्या स्पर्धेचे नोंदणी शुल्क माफ केले तरी पालकांचा अर्धा दबाव कमी होईल.

मुलींच्या सहभागाविषयीही एक निरीक्षण आहे. आमच्या भागात १२ वर्षांखाली मुली भरपूर असतात आणि १५ नंतर त्यांची संख्या ओसरते. त्यांच्याशी बोलताना कारण म्हणून भीतीपेक्षा वेळापत्रक अधिक वेळा पुढे येते: मुलींचा गट दिवसाच्या शेवटी, मुलांनी उकरून टाकलेल्या कडक बर्फावर उतरतो. गटांचा क्रम दर स्पर्धेला फिरता ठेवायला एक पैसाही लागत नाही.

---

हिमरेषा (धागाकर्त्या)

गटांच्या क्रमाचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि हीच तक्रार माझ्या मुलीच्या मैत्रिणींकडूनही ऐकली आहे. उतरण्याच्या जागा उकरल्या गेल्या की तिथे उडी झेलणे अधिक धोक्याचे होते, म्हणजे हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

आमच्या क्लबची हंगामपूर्व बैठक शरद ऋतूत होते. तिथे मी तीन गोष्टी लेखी मांडणार आहे: उताराचे माहितीपत्रक, ज्यात बलरेषा यांनी सुचवलेला उतरण्याच्या जागेचा कोन आणि पुढची मोकळी जागा असेल, आधीच तयार ठेवलेला दुसरा उतार, आणि फिरता क्रम. वैद्यकीय पथकाच्या निर्णयावर नोंदणीच्या वेळी सही घेण्याचा मसुदा धन्वंतरी_आल्प्स यांनी व्यक्तिगत संदेशातून पाठवला तर तोही जोडेन. थांबणाऱ्याला गुण हा विषय परीक्षकांच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे तो वेगळ्या पत्राने मांडावा लागेल.

कोलोरॅडोकर, वाट तोंडी सांगून उतरण्याच्या सरावात लहान मुलांना नेमके काय विचारले जाते, ते सविस्तर लिहाल का? सह्यवाट, क्लबमधील वाढत्या वयाच्या मुलांची ट्रान्सीव्हर आणि स्की दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि जुनी तळघरांत पडून राहतात. तपासून, चालू स्थितीतला संच गुलमर्गच्या मुलांपर्यंत पोहोचवायचा असेल तर तिथे तो कोण सांभाळेल आणि दर हंगामाला कोण तपासेल, हे आपण तिथल्या प्रशिक्षकांशी बोलून कळवावे. इकडे गोळा करण्याची जबाबदारी मी घेते.